शून्य बळाची आत्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज धाकट्या मालकांनी मला आणि रंगोबांना आत बोलावून दार लावून घेतलं. आमच्या ऑफिसात दार लागलं की एक तर कोणाची तरी नोकरी जाते, नाही तर कोणाच्या तरी डोक्यावर जास्तीचं काम बसतं. सुदैवाने काम बसलं.

आमच्या चित्रकथांच्या साप्ताहिकाचे वाचक वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात: कोणाची ताकद जास्त? भक्कम मोठा की महाघोर? आठवड्याला पिशवीभर पत्रं येतात. मालकांना वाटलं, एवढे भांडतातच तर त्यांना खेळच देऊ. प्रत्येक पात्राचा एक पत्ता, वर चित्र, खाली बळाचा आकडा, शंभरापैकी. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता खायचा. आकडे ठरवायचे आम्ही दोघांनी. छापखान्याच्या एका कागदावर बत्तीस पत्ते बसतात आणि पात्रं आहेत तेहेतीस. म्हणजे एकाला नारळ.

आम्ही दोघंच का, तर पहिल्या अंकापासूनची सगळी चित्रं रंगोबांची, आणि बावीस वर्षं त्या चित्रांवरचे संवादाचे फुगे माझे. फुगा म्हणजे पात्राच्या तोंडाशी असतो तो गोल, आत बोलणं, खाली शेपूट. शेपूट ज्याच्याकडे, तो बोलला. रंगोबांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघतं. एरवी शर्टावर सदा रंग, म्हणून रंगोबा.

उठताना मालक म्हणाले, हे नीट पार पडलं की एप्रिलपासून संपादकाच्या खुर्चीत बाई, तुम्ही. बिनचूक माणूस मिळतो कुठे आजकाल. मी मान खाली घातली, पण खोटं कशाला लिहू, मला ते योग्यच वाटलं. थोरल्या मालकांनी प्रत्येक मूळ पानाच्या पाठीवर शिक्का मारायची पद्धत पाडली होती: चित्र कोणाचं, अक्षर कोणाचं, चूक कोणाची, सही. नव्या माणसाच्या पहिल्या वर्षात 'चूक' या रकान्यात तीन सह्या झाल्या की घरी. माझ्या दोन झाल्या होत्या, पहिल्या तीन महिन्यांत, त्याही फुटकळ. त्यानंतर आजतागायत एक नाही.

बाहेर आल्यावर रंगोबांनी मला जिन्यात थांबवलं. ते मार्चअखेर निवृत्त होताहेत, हात थरथरतो हल्ली. म्हणाले, "बाई, माझं एकच मागणं आहे. पत्त्यांत आत्या हवी."

आत्या म्हणजे आमच्या नायकाची, भक्कमची आत्या. कालव्याच्या फाटकावर राखणीला असते, नाकावरून घसरणारा चष्मा, लांब बाह्यांचा सदरा, कोपरांना ठिगळं. बाकी बत्तीस पात्रं थोरल्या मालकांच्या डोक्यातली. ही एकटी रंगोबांची. मी म्हटलं, बळ असेल तर येईल की, कोण अडवतंय तिला?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नियम ठरला, आणि तो मीच ठरवला. बोललेलं धरायचं नाही, केलेलं तेवढं धरायचं. चित्रात दिसलं तर बळ, फुग्यात नुसतं म्हटलं तर वारा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

रंगोबा दोन तास भांडले. त्यांचं म्हणणं, स्वतःच्या तोंडची फुशारकी सोडा, पण शत्रूने कबूल केलं तर? चौकटीच्या वरच्या पट्टीत कथा सांगणाराच म्हणाला तर? त्याला खोटं बोलायचं काय कारण? मी म्हटलं, रंगोबा, त्या पट्ट्या मी लिहिल्यात. 'त्रिखंडात ज्याला जोड नाही असा भक्कम' हे वाक्य कसं आलं माहितीये? पट्टीत चार बोटं जागा उरली होती आणि थोरले मालक जेवायला जाता जाता म्हणाले, टाका काहीतरी भारदस्त. त्यावर सगळे वाचक आज शपथा घेतात.

मग ते हसले आणि उलटे फिरले. म्हणाले, चित्रं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी असतात? सत्त्याण्णवाव्या अंकात भक्कमने बस उचलली ती चौकटीत मावेना, म्हणून मी पुढचा अर्धा भागच काढला. तुमच्या नियमाने त्याने अर्धी बस उचलली. मी म्हटलं, मग अर्धीच. आणि वहीत अर्धी बस लिहिलीसुद्धा.

मालकांना नियम आवडला. प्रत्येक पत्त्यावर आकड्याखाली दाखला छापायचा, अंक आणि पान. कोणी कुरकुर केली की सांगायचं, जा, बघ उघडून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

महाघोराचा निकाल लावला. हा आमचा सर्वांत मोठा खलनायक. मी चंद्र मुठीत चुरगाळीन, मी समुद्र एका घोटात पिईन, असं तो आजवर एकशे चौदा वेळा बोललाय. मोजले मी. केलंय काय? एक दार तोडलं, सहाशे चाळिसाव्या अंकात, आणि नीट पाहिलं तर ते आधीपासून किलकिलं होतं. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. अडतीस दिले, तेही अंगावरच्या कपड्यांकडे बघून.

मालकांचा चेहरा पडला. पण नियम तो नियम. भक्कमला तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या अंकात बरणीचं झाकण उघडता आलं नव्हतं, तेही मी सोडलं नाही. रंगोबा म्हणाले, अहो तो विनोद होता. मी म्हटलं, चित्र आहे ना? मग झाकण उघडलेलं नाही.

मला हे काम मानवतंय. सगळीकडे हाच नियम लावला तर जगातली निम्मी भांडणं मिटतील. आमच्या घरमालकाचं, माझ्या धाकट्या दिराचं, सगळ्यांचे पत्ते करून ठेवावेत. माझाही करावा. माझा आकडा चांगलाच येईल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज आत्याची पाळी आली. मी सगळे अंक चाळून यादी केली होती. आत्याच्या बळाबद्दल एकसष्ट ठिकाणी बोललं गेलंय. 'आत्या उठली की पाणी थांबतं.' 'भक्कमशी भांडा, पण आत्याच्या वाटेला जाऊ नका.' 'त्या म्हातारीच्या हातात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही', हे तर खुद्द महाघोराच्या तोंडी. दाखवलंय किती ठिकाणी? एकाही नाही. दिवा लावते, फाटकाला तेल घालते, भक्कमला ओरडते.

म्हणजे शून्य. आणि बत्तिसांत बसत नाही ते पात्र तेच.

रंगोबांनी यादी वाचली. ती वाक्यं कशी आली हे मलाही ठाऊक होतं. दर दोन-चार महिन्यांनी ते थोरल्या मालकांच्या टेबलाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, आत्यासाठी एखादा शब्द टाका की. मालक टाकत, मी लिहीत असे. मी विचारलं, शब्दच का मागत होतात? ब्रश तुमच्या हातात होता. एकदा काढायचं होतंत तिला डोंगर उचलताना.

"काढलेलं सगळं दिसतंच असं नाही, बाई," एवढंच म्हणाले.

ही हरलेल्या माणसाची भाषा. वाईट वाटलं मला, नाही असं नाही. बावीस वर्षं शेजारी बसलेला माणूस, जायच्या आधी एक पत्ता मागतोय आणि मी शून्य लिहितेय. पण आज एकासाठी नियम वाकवला की उद्या महाघोर चंद्र घेऊन दारात उभा. मालकांनी सोमवार चोवीस तारखेला यादी पक्की करायची म्हटलंय.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुलगी सकाळपासून माझ्यासाठी आकड्यांचा तक्ता टाइप करत बसली. आत्याच्या ओळीला आली आणि हात थांबवून म्हणाली, "आई, दाखवलं नाही म्हणजे नाहीच, हे कसं काय?" मी म्हटलं, कोर्टात असंच असतं. ती म्हणाली, कोर्टात निदान साक्षीदार तरी ऐकतात. बावीस वर्षांची झाली, जीभ माझ्याहून धारदार. कोणाची मुलगी.

सासूबाईंनीही आपलं घोडं पुढे दामटलं. त्या भिंग लावून दर अंक शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणाल्या, आत्या नको तर मला तुमचे पत्तेही नकोत. घरी दोन विरुद्ध एक, आणि त्या एकाचं मत बरोबर. हे फिरतीवर आहेत, फोनवर म्हणाले, मला यात ओढू नका. शहाणा माणूस.

बुधवार, १९ फेब्रुवारी

भक्कमचा आकडा पंच्याण्णव. त्याबद्दल वादच नाही. दाखला अंक दोनशे बारा, पान नऊ. कालव्याचं लोखंडी फाटक साखळी तुटून खाली येतंय, खाली शाळेची मुलं अडकलीत. भक्कम वाकून मुलांना बाहेर ढकलतोय, आणि वर फाटकाच्या कडेखाली दहा बोटं घट्ट रुतलीत. त्याच्या डोक्यामागे मोठा फुगा: 'घाबरू नका, मी धरलंय!' या एका चौकटीवर भक्कमचं अख्खं नाव उभं आहे. खप दुप्पट झाला होता म्हणतात.

एक वाचक मात्र दरवर्षी न चुकता पत्र टाकतो: त्या चौकटीत भक्कमची बोटं बारीक का दिसतात, आणि मनगटावरचं लोखंडी कडं कुठे गेलं? रंगोबांचा हलगर्जीपणा, दुसरं काय. मी आज त्यांना तसं तोंडावर म्हटलंही. त्यांनी हूं केलं.

पत्त्यावर ही चौकट मोठी छापायची तर जुन्या अंकातून नीट येणार नाही, मूळ पान लागेल. मी कोठीतलं कपाट उघडायचं म्हटलं तर रंगोबा एकदम खुर्चीतून उठले. कशाला, धूळ आहे, वाळवी असेल, मी नवीन काढून देतो. मी म्हटलं, या हाताने? आणि मग जीभ चावली. बोलायला नको होतं. ते ब्रश धूत बसले. धुतलेलाच ब्रश परत धूत होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

रंगोबा दुपारी डॉक्टरकडे गेले तेव्हा मी कपाट उघडलं. वाळवीबिळवी काही नाही, गठ्ठे नीट बांधलेले. दोनशे बारा सापडला. नववं पान काढून खिडकीशी नेलं आणि मोठा फुगा खाली पडला.

त्या काळी आम्ही फुगे वेगळ्या कागदावर लिहून, कापून, चित्रावर चिकटवायचो. बावीस वर्षांत गोंद सुकून त्याची पापडी झालेली. मी फुगा उचलला, परत जागेवर ठेवायला गेले, आणि खाली बघितलं.

खाली आत्या होती. चष्मा एका कानाला लटकलेला, दात आवळलेले, मानेच्या शिरा तट्ट. सदऱ्याच्या बाह्या वर सरकलेल्या, ठिगळं दिसतायत. ती दहा बोटं तिची आहेत. भक्कमचे दोन्ही हात मुलांच्या पाठींवर आहेत, छापलेल्या अंकात ते काळ्या शाईत बुडाले होते, इथे कडंही दिसतं. चौकटीत वर उजवीकडे फुग्यासाठी कोरी जागा सोडलेली होती, चांगली तळहाताएवढी. तिथे चिकटवून शेपूट आत्याकडे न्यायचं, एवढंच काम. मी फुगा तिच्या तोंडावर चिकटवला आणि शेपूट भक्कमकडे नेलं.

अक्षर माझं आहे. 'घ'चा फाटा तसा कोणी काढत नाही.

पान उलटून शिक्का बघितला. अक्षर, माझी सही. चूक, रंगोबांची सही. खाली त्यांच्या हातचं: 'चित्रात बदल माझ्या मनाने केला.' मला आधी काही समजेना आणि मग हायसं वाटलं. म्हणजे कागदावर चूक त्यांची धरली गेलीय. ते वेंधळेच आहेत, भलत्या रकान्यात सही केली असणार. मी कागदावर स्वच्छ आहे.

गोंद आणला आणि फुगा परत होता तिथेच चिकटवला. हात अजून पक्का आहे माझा, कोणाला कळणार नाही. गठ्ठा होता तसा बांधला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कामं भरपूर झाली. जळकी राणी सत्तर, दगडू पहिलवान चौसष्ट. रंगोबांनी आत्याचं नाव काढलं नाही. मीही नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आपणच विचार करू या, शांतपणे. छापलेल्या अंकात वाचकाला दिसलं ते भक्कमचं. केलेलं दिसलं पाहिजे हा नियम, आणि आत्याचं दिसलं नाही. मग नियमाने अजूनही शून्यच. हे एकदम बिनतोड आहे. तीनदा लिहून पाहिलं, तरी बिनतोड आहे. मग झोप का येत नाही हे कळत नाही.

आणि मी सांगितलं तर? खुर्ची गेली. चुकीची माफी मिळते, पण बिनचूक म्हणून मिळालेली खुर्ची चूक निघाल्यावर कोण देईल? शिवाय भक्कम पंच्याण्णवावरून खाली येणार, मालक मला उभी जाळतील.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुपारी सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलगी झाली तेव्हा मी काम कधी सुरू केलं होतं? त्या म्हणाल्या, सुरू काय करतेस, बंद कधी केलंस? आठ दिवसांची पोर मांडीवर आणि तू पाटावर कागद पसरून बसलेली. नोकरी जाईल म्हणून ऐकायचीच नाहीस.

मग म्हणाल्या, तो उंच माणूस यायचा नाही का पानं घेऊन, शर्टाला रंग लागलेला. एकदा न्यायला आला तर तू हातात गोंदाची काडी धरून तशीच झोपलेली. मी म्हटलं, उठवते. तर म्हणाला, नको, तीन रात्रींची जागी दिसतेय. दाराबाहेर पायरीवर बसून राहिला, चांगले दोन तास. शेवटी मीच पानं पाकिटात घालून दिली त्याला. उशीर झाला म्हणून न बघताच पळाला.

तो आठवडा मी मनातल्या मनात मोजला. दोनशे बाराच येतो. ओट्याशी जाऊन उगीच भांडी घासली, दोनदा.

ते वेंधळे नाहीत. मी आहे. छापून आल्यावर त्यांना कळलं असणार. थोरले मालक पान उलटून विचारत असणार, कोणाची चूक, आणि तिसरी सही माझी व्हायची होती. ती त्यांनी केली. त्यांचं एकुलतं एक पात्र, त्याचा एकुलता एक पराक्रम, आणि तो माझ्या फुग्याखाली. मग बावीस वर्षं दर दोन-चार महिन्यांनी जाऊन एकेक शब्द मागत राहिले. आणि मी त्यांना परवा म्हटलं, एकदा काढायचं होतंत.

कपाट उघडू नका म्हणत होते ते धुळीसाठी नव्हतं. उद्या चोवीस.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाही तर उद्या मी त्याला झिलई चढवीन.

मालक यादीवर शेवटचं बोट फिरवत होते. आत्याच्या नावावर काट मारायला पेन टेकवलं तेव्हा मी नववं पान टेबलावर ठेवलं, पातं काढलं आणि माझा फुगा सोडवला. रंगोबा "बाई, राहू द्या" म्हणाले. मी राहू दिलं नाही. म्हटलं, फाटक आत्याने धरलंय, भक्कमने नाही. फुगा मी चुकीच्या जागी लावला. बावीस वर्षांपूर्वी. पंच्याण्णव आत्याचे.

मालकांनी पान डोळ्यांशी नेलं, मग उलटलं. शिक्का वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, अहो बाई, तुम्ही उगाच अंगावर घेताय, इथे चूक रंगोबाकाकांची लिहिलीय, त्यांची सही आहे. म्हणजे तुमच्यावर काही येत नाही. पुढचं बघू, संपादकपदाचं आपलं ठरलंय ते ठरलंय.

आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ मला ते ऐकून बरं वाटलं.

रंगोबा लगेच म्हणाले, हो, माझीच चूक. मला तेव्हा चित्रात बदल करावासा वाटला, बाईंचा काही संबंध नाही. इतकं सरळ तोंड करून बोलले की कोणीही विश्वास ठेवला असता.

"ते नुसतं म्हणतायत," मी मालकांना म्हटलं. "सही म्हणजे बोललेलंच की. मागे काय लिहिलंय ते सोडा, पुढे काय केलंय ते बघा. या फुग्याला कात्री कोणाची? गोंद कोणाचा? त्यांनी फुग्याला जागा कुठे सोडलीय आणि मी कुठे लावलाय?"

मालकांनी फुगा कोऱ्या जागेवर ठेवून बघितला. रंगोबा माझ्याकडे बघून चिडून म्हणाले, "तुमची मुलगी आठ दिवसांची होती, बाई. चूक कसली ती." बावीस वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. मला रडू आलं आणि मी रडले, मालकांच्या केबिनमध्ये, दार लावलेलं असताना. बाहेर सगळ्यांना वाटलं असेल माझी नोकरी गेली.

मग अर्धा तास भांडण. मालक म्हणाले, भक्कम आत्यापेक्षा कमी? खप बसेल. मी म्हटलं, वाचक बावीस वर्षं विचारतायत बोटं बारीक का, त्यांना उत्तर मिळेल. चौकट फुगा काढून परत छापा, सगळे जुने अंक शोधत येतील. भक्कमला अर्ध्या बसवर एकसष्ट मिळतात, वाईट नाहीत. येतील त्या शिव्यांच्या पत्रांना मी एकेकाला हाताने उत्तर लिहीन. शेवटी मालकांनी पेन फिरवलं. आत्या पंच्याण्णव. बत्तिसांतून महाघोराचा मेहुणा गेला, त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही.

संपादकाच्या खुर्चीबद्दल म्हणाले, ते वर्षभराने बघू. मी म्हटलं, बघा की. वर्षभरात मी काही म्हातारी होत नाही.

रात्री मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे चूक माझ्यामुळे झाली तर. मी म्हटलं, तुझ्यामुळे या घरात बरंच काही झालंय, हेही धर त्यात.

सोमवार, ३१ मार्च

रंगोबांचा शेवटचा दिवस. ऑफिसने त्यांना भेट म्हणून काय दिलं ते लिहीत नाही, घड्याळ होतं. त्यांच्याकडे तीन आहेत.

पत्ते छापून आले. आत्याच्या पत्त्यावर ती चौकट आहे, चष्मा लटकलेला, बोटं फाटकाखाली. मालक म्हणत होते, मूळचा फुगा योग्य जागी लावून द्या, वर कोरी जागा आहेच. मी नाही म्हटलं. ते वाक्य आत्याला लागत नाही, धरलंय हे दिसतंय. बावीस वर्षांत मी सोडलेली ही पहिली कोरी जागा. रंगोबा पत्ता हातात घेऊन म्हणाले, ठिगळाचा रंग जरा गडद आलाय. म्हणजे आवडला.

पाच वाजता सगळे गेल्यावर मी दोनशे बाराचं नववं पान काढलं, पालथं घातलं आणि 'चूक'च्या रकान्यातली त्यांची सही खोडली. ते म्हणाले, आता कशाला, शिक्का मारणारे गेले, रकाना बघणारं कोणी उरलं नाही. मी म्हटलं, तुमच्या घरी ती सही घेऊन जाऊ नका, एवढंच. कागद जुना, कडेने वळलेला, टेबलावर सपाट बसेना. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. मी सही केली.